परसातले फळ, वर्षाच्या आत



परसात झाड लावायचे ठरले की घरातला कर्ता माणूस बाजारातून आंब्याचे कलम घेऊन येतो. आंब्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याला पाणी घालणार घरातली बाई, आणि फळाची वाट पाहणार पोरे. चार-पाच वर्षे थांबायचे म्हणजे पहिलीतले पोर पाचवीत जायचे! म्हणून आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते लवकर हाती येणाऱ्या झाडांविषयी: पपई, केळी, शेवगा आणि थोडा धीर धरणाऱ्यांसाठी पेरू. त्यातही पपईवर अधिक बोलेन, कारण पपईने मला एकदा चांगलेच खाली पाहायला लावले आहे.

2002 च्या जुलैमध्ये सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवर मी घरटी एक याप्रमाणे पपईची रोपे वाटली. ‘‘दहा-अकरा महिन्यांत फळ खाल,’’ असे सांगून मोटारसायकलला किक मारली. त्या साली पाऊस दगा देऊन गेला. पुढच्या मे महिन्यात, ऐन दुष्काळात, मी पुन्हा तिथे गेलो तेव्हा टँकरपाशी घागरींची रांग लागली होती. वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजींनी मला हाक मारली आणि परसात नेले. झाड चांगले डोक्याइतके उंच, हिरवेगार. पण त्याला लांब देठांवर लोंबणारे फुलांचे झुपके, आणि फळ एकही नाही.

‘‘सायेब, रोज एक कळशी घातली बघा. नातवंडास्नी आंघूळ न्हाई घातली, पर ह्याला पानी घातलं. नुसतं फुलतंय वो. आमचं काय चुकलं?’’

आजींचे काही चुकले नव्हते. झाड नर होते. त्यांनी वर्षभर नराला पाणी घातले आणि ते ओळखायचे कसे, हे मी त्यांना सांगितले नव्हते.

तेव्हा नीट ध्यानात घ्या. पपईच्या जुन्या जातींत, उदाहरणार्थ वॉशिंग्टनमध्ये, नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात आणि रोप लहान असताना पाहून ते ओळखता येत नाही. फुले यायला चार ते सहा महिने लागतात, तेव्हाच कळते. नराची फुले बारीक, फूटभर किंवा त्याहून लांब देठावर झुबक्याने लोंबतात. मादीचे फूल मोठे, एकटेदुकटे, खोडाला चिकटून येते आणि त्याच्या पोटात इवलेसे फळ आधीच दिसते. म्हणून एका खड्ड्यात तीन रोपे लावावीत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. फुले दिसली की एक मादी ठेवावी आणि बाकीची मुळाशी कापावीत. उपटू नयेत, उपटताना शेजारणीची मुळे दुखावतात. परसात पाच-सहा झाडे असतील तर एक नर राहू द्यावा, परागासाठी तो लागतो.

ही उठाठेव नको असेल तर तैवान 786 सारखी संकरित जात घ्यावी. तिच्यात नर झाडे येत नाहीत. मादी आणि उभयलिंगी अशी दोनच प्रकारची झाडे येतात आणि दोन्हींना फळ धरते. मात्र त्याच फळाच्या बिया धरून पुन्हा लावू नका. संकरिताचे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरत नाहीत. साध्या जातीचे बी धरायचे असेल तर बुळबुळीत आवरण राखेत चोळून काढावे, बी सावलीत सुकवावे आणि माती-शेणखत भरलेल्या पिशवीत लगेच टोकावे. जुने बी नीट उगवत नाही. दीड-दोन महिन्यांत रोप लावायला येते. पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या आणि दोन घमेली कुजलेले शेणखत घाला.

आता दुसरी चूक, जी वाडीवाडीवर दिसते. न्हाणीचे पाणी फुकट जाते म्हणून पपई न्हाणीच्या तोंडाशी लावतात. पपईला पाणी हवे, पण बुडाशी साठलेले पाणी तिला सोसत नाही. दोन दिवस पाणी तुंबले तरी बुंधा कुजतो आणि उभे झाड कोलमडते. खोडाभोवती मातीची भर द्या आणि तिच्या बाहेरून आळे करा, म्हणजे ओल मुळांना मिळेल पण पाणी खोडाला लागणार नाही. पपईशेजारी काकडी, दुधी, भोपळ्याचे वेलही नकोत. मावा किडा पपईचा विषाणूरोग पसरवतो आणि तो रोग वेलांवरही राहतो. पाने आक्रसून पिवळट झाली, फळावर गोल गोल वर्तुळे दिसली, तर ते झाड काढून जाळा. त्यावर औषध नाही. दुकानदार काहीही सांगो.

न्हाणीच्या पाण्यावर केळ लावा. आपल्या आज्या उगाच तिथे केळ आणि अळू लावत नव्हत्या. मुनवा निवडताना तलवारीसारखी निमुळती पाने असलेला घ्या; रुंद पानांचा मुनवा दिसायला गुबगुबीत असतो, पण जोर कमी. बसराई बुटकी असल्याने वाऱ्याला टिकते. साधारण वर्षभरात घड उतरतो. तोवर बाजूचे मुनवे कापत राहा आणि घड निसवल्यावर एकच पुढच्या पाळीसाठी ठेवा. शेवटच्या फणीखालचे केळफूल कापून घेतले की घड पोसतो आणि घरात एक वेळची भाजी होते.

शेवगा त्याहून सोपा. पेरियाकुलमची पीकेएम-1 ही जात बियांपासून लावली तर सहा-आठ महिन्यांत शेंगा देते. झाड कमरेएवढे झाले की शेंडा खुडा, नाहीतर ते बांबूसारखे उंच जाते आणि शेंगा काढायला पोरांना छपरावर चढवावे लागते. फांद्या ठिसूळ असतात. दारात शेवगा नको, असे म्हातारी माणसे म्हणतात त्यात तथ्य आहे: वादळात फांदी कौलांवर येते, आणि पावसाळ्यात केसाळ सुरवंट खोडावर थव्याने बसतात. तेव्हा घरापासून पंधरा-वीस फूट दूर, कुंपणालगत लावा.

पेरूला दोन-तीन वर्षे द्यावी लागतात, तेही कलम असेल तर. सरदार ही जात मागा. ती पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्राने दिलेली आहे आणि लखनौ-49 या नावानेही मिळते. पहिल्या वर्षी आलेली फुले खुडून टाका. जीव चुकचुकतो, पण झाडाचा बांधा तयार होतो.

आजींकडे मी 2003 च्या पावसाळ्यात तीन रोपे घेऊन गेलो. ‘‘एका खड्ड्यात तीन? भांडतील की,’’ त्या म्हणाल्या. मी फुले ओळखायची खूण सांगितली. दिवाळी होऊन गेल्यावर त्या बाजारच्या दिवशी भेटल्या. दोन नर निघाले होते आणि ते त्यांनी स्वतःच विळ्याने कापले होते.

‘‘तिसरीला चार फळं धरल्याती,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पर ह्या बारीला पानी सांगून ठेवलंय सुनंला. तुम्ही येऊन बघून जावा, मगच घालू म्हनं.’’