श्रोणिगुहेतील गाठींची सूची जीवोतक परीक्षा

श्रोणिगुहेतील (ओटीपोटाच्या तळाशी हाडांनी वेढलेल्या पोकळीतील) गाठीचे स्वरूप ठरविण्यासाठी श्राव्यातीत तरंगांनी (मानवी कानास ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनितरंगांनी) मिळणाऱ्या प्रतिमेच्या मार्गदर्शनाने पोकळ सुईतून ऊतकाचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या पद्धतीस ‘श्राव्यातीत-मार्गदर्शित सूची जीवोतक परीक्षा’ म्हणतात.

स्त्रियांमध्ये या पोकळीत गर्भाशय, अंडकोश, मूत्राशय व गुदांत्र ही इंद्रिये एकमेकांलगत असतात. त्यामुळे केवळ चाचपून गाठीचे मूळ ओळखणे अवघड असते. ग्लासगो येथील स्त्रीरोगतज्ञ इअन डॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये उदरातील गाठींच्या श्राव्यातीत प्रतिमा प्रसिद्ध केल्या. जठराचा असाध्य कर्करोग असल्याचे मानलेल्या एका स्त्रीस प्रत्यक्षात अंडकोशाचे द्रवार्बुद असल्याचे या पद्धतीने उघडकीस आले. तथापि गाठ घन की द्रवयुक्त हे प्रतिमेवरून कळले, तरी अंतिम निर्णय ऊतकावरूनच होतो.

पद्धती : प्रथम रक्तक्लथनाची चाचणी करतात. गाठ उदरभित्तीजवळ असल्यास त्वचेतून, खोल असल्यास योनिमार्गातून किंवा गुदांत्रातून सुई घालतात. डॉप्लर तंत्राने रक्तवाहिन्या दिसत असल्याने त्या टाळता येतात. बहुधा स्थानिक संवेदनाहरण पुरते. सुमारे १.२ मिमी. व्यासाच्या सुईची स्प्रिंग सुटताच १ ते २ सेंमी. लांबीचा ऊतकाचा दंडगोलाकार तुकडा कापला जातो. असे काही तुकडे फॉर्मॅलिनामध्ये ठेवतात. क्षयरोगाची शंका असल्यास एक तुकडा फॉर्मॅलिनाविना संवर्धनासाठी पाठवितात. कारण फॉर्मॅलिनाने जंतू मरतात. रक्तस्राव, संक्रामण व आतड्यास इजा हे संभाव्य उपद्रव होत.

उपयोग व मर्यादा : ही परीक्षा प्रत्येक गाठीसाठी योग्य नसते. अंडकोशापुरत्याच मर्यादित असलेल्या संशयित कर्करोगाच्या गाठीत सुई खुपसणे टाळतात. गाठीचे आवरण फुटून कोशिका पर्युदराच्या पोकळीत सांडल्यास रोगाची अवस्था वाढते आणि एरवी टळू शकणारी रसायनी चिकित्सा आवश्यक ठरण्याचा संभव असतो. अशी गाठ अखंड काढणेच इष्ट असते.

याउलट रोग पर्युदरावर पसरला असेल, रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेस असमर्थ असेल किंवा जठर, बृहदांत्र अशा अन्य इंद्रियांतील कर्करोग तेथे पोहोचल्याची शंका असेल, तर ही परीक्षा अत्यंत उपयुक्त ठरते. भारतात तिचे आणखी एक महत्त्व आहे. पर्युदराच्या क्षयरोगात जलोदर व गाठी आढळतात आणि रक्तातील सीए-१२५ या प्रथिनाचे प्रमाणही वाढते. त्यामुळे तो अंडकोशाच्या प्रगत कर्करोगासारखा भासतो. अशा वेळी वपाजालातील किंवा पर्युदरावरील गाठीचा तुकडा तपासल्यास औषधांनी बरा होणारा रोग ओळखता येतो व अनावश्यक शस्त्रक्रिया टळते.

तुकड्यात कर्ककोशिका न आढळल्या म्हणून कर्करोग नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. सुई गाठीच्या मृत किंवा निरोगी भागात गेलेली असू शकते. लक्षणे व प्रतिमा यांच्याशी निष्कर्ष विसंगत असल्यास परीक्षा पुन्हा करतात किंवा शस्त्रक्रियेने ऊतक मिळवितात.