रंगमंचावरचं इस्त्रीचं टेबल

पडदा वर जातो आणि समोर एक बाई इस्त्री करत उभी असते. रविवारची संध्याकाळ. नवरा आणि त्याचा मित्र खुर्च्यांत वर्तमानपत्रं पसरून बसलेले. तुम्ही म्हणाल, यात नाटक कसलं? हे तर घरोघरी! पण ८ मे १९५६ रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात हे दृश्य दिसलं आणि मोठी खळबळ उडाली. नाटक होतं 'लुक बॅक इन अँगर', लेखक २६ वर्षांचा जॉन ऑस्बर्न.

तोवर तिथल्या रंगमंचावर बहुधा सजलेले दिवाणखाने आणि चहाचा ट्रे आणणारी मोलकरीण. ऑस्बर्नने माळ्यावरची कोंदट खोली मांडली. पुढे अशा नाटकांना 'किचन सिंक', म्हणजे आपल्या भाषेत मोरीची नाटकं, असं नावच पडलं.

नायक जिमी पोर्टर शिकलेला, पण गोळ्या-चॉकलेटचा स्टॉल चालवणारा. त्याच्या संतापावर पुष्कळ लिहिलं गेलं. मला विचाराल तर नजर जाते ती त्याच्या बायकोकडे, ॲलिसनकडे. तिला दिवस गेलेत, पण नवऱ्याला सांगायचा धीर होत नाही. त्याचे टोमणे ऐकत ती इस्त्री फिरवते. पुरुषांच्या झटापटीत टेबल कलंडतं आणि हात भाजतो तो तिचा! ती घर सोडून जाते, आणि तिसऱ्या अंकात त्याच टेबलाशी उभी दिसते तिची मैत्रीण हेलेना. साऱ्या जगावर चिडणाऱ्या जिमीला आपले कपडे आपण इस्त्री करावेत, एवढं मात्र सुचत नाही.

दोन वर्षांनी, १९५८ साली, सॅलफर्डच्या अवघ्या १९ वर्षांच्या शीला डिलेनीचं 'अ टेस्ट ऑफ हनी' लंडनला आलं. ते बसवलं जोन लिटलवूडबाईंनी. आई नव्या नवऱ्यामागे गेलेली, पोटात मूल वाढतंय, त्याचा बाप बोटीवर निघून गेलेला, अशी ही पोरगी जो. तिचं घर साफ ठेवतो, खाणंपिणं बघतो तो जेफ नावाचा तरुण. पोरीने लिहिलं म्हणून हे सुचलं, असं मला आपलं वाटतं.

आणि १९८२ सालचं कॅरिल चर्चिलचं 'टॉप गर्ल्स'! त्यात सगळ्या बायकाच. मर्लिनला कचेरीत बढती मिळते म्हणून ती हॉटेलात मेजवानी देते. पाहुण्या कोण, तर इतिहासातल्या आणि गोष्टींतल्या नामांकित स्त्रिया. साऱ्या भरभरून बोलतात. वाढणारी वेट्रेस मात्र एक शब्द बोलत नाही.

हळूहळू कळतं, मर्लिनची मुलगी तिच्या बहिणीने, जॉइसने, आपली म्हणून वाढवलीय. लोकांकडे साफसफाईची कामं करून. शेवटी जॉइसच्या स्वयंपाकघरात दोघी कडाकडा भांडतात. मर्लिन समेट करू बघते. जॉइस नाही म्हणते आणि झोपायला निघून जाते.