रुग्णवाहिकेतील नोंद

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते आणि माणसे जखमी होतात. पांढुर्णा-सौसरचा गंभीर रुग्ण पुष्कळदा नागपूरला न्यावा लागतो. वाटेतील नाडी, रक्तदाब, दिलेले औषध यांची नोंद त्याच्याआधी तेथे पोहोचावयास हवी.

धावत्या गाडीत लॅपटॉप मांडावा लागतो. टॅब्लेट हातात राहतो. त्यावर ‘आयपी ६५’ असल्याचे पाहावे: ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. मात्र पडण्याची कसोटी यात येत नाही. ती निराळी विचारावी. पडदा उन्हात वाचता यावा, हातमोजे घालूनही चालवता यावा.

नेटवर्क नसता नोंद आत साठावी आणि ते मिळताच पुढे जावी. एवढे साधत नसेल, तर स्वस्त यंत्रापेक्षा कागदच बरा.