सापडलेला पेनड्राइव्ह लावून पाहू नका

कार्यक्रम संपल्यावर सभागृहात पेनड्राइव्ह सापडला, की तो कोणाचा हे पाहण्यासाठी आपण तो सहज संगणकाला लावतो. हेतू चांगला असतो, पण नेमका तोच हेतू हल्लेखोराच्या कामी येतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, त्यांपैकी किमान ४५ टक्के पेनड्राइव्हमधील फाइल लोकांनी उघडल्या.

फाइल उघडली नाही तरी धोका टळत नाही. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी 'बॅडयूएसबी' हा प्रकार दाखवला. यूएसबी उपकरणाच्या आतला प्रोग्राम बदलला, तर संगणक त्याला कीबोर्ड समजतो आणि ते आपल्या नावाने आज्ञा टाइप करते. अँटिव्हायरसला हे सहसा कळत नाही.

लॉगिनसाठी वापरायची सिक्युरिटी की सापडली, तरी हाच नियम. आत काय आहे हे बाहेरून दिसत नाही; ती आपल्या खात्याला कधीच जोडू नये. आपलीच की हरवली, तर ती खात्यातून लगेच काढून टाकावी. त्यासाठी सुरुवातीलाच दोन की नोंदवून ठेवाव्यात.

आपल्या संगणकांत अत्याचारग्रस्त कुटुंबांची नावे, जबाब, फोन क्रमांक असतात. ते त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवून दिलेले असतात. म्हणून आम्ही सांगतो: सापडलेली वस्तू आयोजकांकडे द्या, व्हॉट्सॲप गटावर कळवा, पण लावून पाहू नका.