पूररेषा कोण आखतो?

पावसाळ्यातल्या बातम्यांत अलीकडे दोन शब्द वारंवार येतात : निळी रेषा आणि लाल रेषा. अमुक वस्ती निळ्या रेषेच्या आत आहे, तमुक इमारतीला लाल रेषेमुळे परवानगी अडली, असे आपण वाचतो. वाचणाऱ्याचा समज असा होतो की नदीची हद्द कुठेतरी पक्की ठरलेली आहे आणि सरकारी मोजणीदाराने ती शोधून नकाशावर उतरवली आहे. ही समजूत बरोबर नाही. पूररेषा म्हणजे एका गणिताचे उत्तर. गणितात घातलेले आकडे बदलले की उत्तरही बदलते, आणि त्यातले काही आकडे नदीच्या हातात नसून गावाच्या हातात असतात. नगरपालिकेचा आणि पुराचा संबंध इथे येतो.

आधी रेषा म्हणजे काय ते पाहू. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येईल एवढा मोठा पूर घ्यायचा. त्याचे पाणी जिथपर्यंत पोचेल ती निळी रेषा. (नदीच्या नेहमीच्या पात्रात मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट पाणी यापेक्षा जास्त भरत असेल, तर ते धरतात.) शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतची जमीन हे निषिद्ध क्षेत्र. तिथे शेती, बाग, खेळाचे मैदान चालेल, नवे घर चालणार नाही. निळ्या आणि लाल रेषांमधले ते नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधता येते, पण राज्याच्या सध्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटिमीटर उंच हवे.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार घोटाळा केला आहे. 2019 साली मोठा पूर येऊन गेला, आता 2119 पर्यंत निर्धास्त, असा अर्थ लोक लावतात. शब्दांचा खरा अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते. पूर येऊन गेल्याची नोंद पुढच्या वर्षाच्या पावसाकडे नसते.

वर्गात हे चिठ्ठ्यांनी दाखवता येते. एका डब्यात 25 चिठ्ठ्या घाला, त्यांतली एक लाल. ही एक चिठ्ठी म्हणजे निळ्या रेषेचा पूर. प्रत्येक मुलाने एक चिठ्ठी काढायची, पाहायची, परत टाकून डबा हलवायचा आणि पुन्हा काढायची. असे तीस वेळा, म्हणजे घर बांधल्यापासून तीस वर्षे. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण 28 मुलांना लाल चिठ्ठी निदान एकदा तरी येईल. गणित सोपे आहे : एका वर्षी पूर न येण्याची शक्यता 0.96, सलग तीस वर्षे न येण्याची 0.96 चा तिसावा घात, म्हणजे सुमारे 0.29. राहिले 71 टक्के. शंभर वर्षांच्या पुरासाठी हाच हिशेब केला तर 26 टक्के येतात. घरासाठी काढलेले कर्ज फिटेपर्यंतच्या काळात चारांत एक, हा धोका काही नगण्य नव्हे.

ज्या बारा मुलांना लाल चिठ्ठी आलीच नाही त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष वेधा. तीस वर्षे नदीकाठी राहून ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागले नाही अशी ही मंडळी. “आमच्याकडे पूर येतच नाही,” असे ती शपथेवर सांगतील आणि खोटे बोलत नसतील. नगरपालिकेच्या सभेत रेषेला विरोध होतो तेव्हा त्यात या अनुभवाचा वाटा बराच असतो.

आता पुण्याकडे वळू. मुठा नदीसाठी निळी रेषा 60 हजार क्युसेक आणि लाल रेषा 1 लाख क्युसेक विसर्ग धरून आखलेली आहे. (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर.) 25 जुलै 2024 रोजी खडकवासला धरणातून सुमारे 35 हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी भागात इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरले. लोकांनी विचारले, निळी रेषा 60 हजारांची, मग 35 हजारांत आम्ही बुडालो कसे?

पहिले उत्तर असे की रेषा ही बाहेरची कड आहे. 60 हजार क्युसेकला पाणी रेषेपर्यंत येते, म्हणजे त्याआधी ते रेषेच्या आतली सगळी सखल जमीन ओलांडून आलेले असते. रेषेच्या आत जेवढे नदीकडे जाल तेवढ्या कमी विसर्गात पाय भिजतील. तिथल्या इमारती कधी आणि कोणत्या परवानगीने उभ्या राहिल्या, हा इतिहास इमारतीगणिक वेगळा. पण नदीच्या बाजूने पाहिले तर तिने नेहमीच्या जागेवर पाणी आणले एवढेच झाले. त्यातून त्या रात्री धरणाच्या खालच्या भागातही मुसळधार पाऊस झाला होता, आणि ते पाणी धरणाच्या दारांतून मोजले जात नाही.

धरणात पाणी अडवून का ठेवले नाही, हा प्रश्नही हमखास येतो. खडकवासल्यात उपयुक्त साठा मावतो तो सुमारे 2 टीएमसी, म्हणजे 200 कोटी घनफूट. 35 हजार क्युसेकने पाणी येत राहिले तर धरण पूर्ण रिकामे असले तरी सोळा तासांत काठोकाठ भरेल. जुलैच्या अखेरीस ते रिकामे नसतेच. मुलांना हा भागाकार करू द्या.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. विसर्ग आणि पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका सेकंदात वाहणारे पाणी म्हणजे पात्राची रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार. सोयीसाठी आकडे काल्पनिक घेऊ. पात्र 150 मीटर रुंद, पाणी 3 मीटर खोल, वेग सेकंदाला 2.2 मीटर. गुणाकार 990 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 35 हजार क्युसेक. आता दोन्ही काठांनी राडारोडा टाकून, भराव घालून पात्र 110 मीटरवर आणले. धरणातून पाणी तेवढेच आले, तर ते जाणार कुठे? वर. वेग तोच राहिला असता तर खोली 4.1 मीटर झाली असती. पाणी खोल झाले की वेगही थोडा वाढतो, म्हणून प्रत्यक्षात ती 3.6 मीटरच्या आसपास राहील. पातळी वाढली 60 सेंटिमीटर.

60 सेंटिमीटर म्हणजे गुडघ्याच्या जरा वर, त्यात काय मोठेसे, असे वाटेल. पण काठावरची जमीन दर 200 मीटरला एक मीटर चढत असेल, तर 60 सेंटिमीटर उंच पाणी 120 मीटर आत जाते. नकाशावरची रेषा न हलता पाण्याची रेषा तीन-चार घरे किंवा एखादी गल्ली मागे सरकली. ज्याने भराव घातला त्याचा भूखंड उंच आणि कोरडा. पाणी गेले ते समोरच्या काठावर किंवा थोडे वरच्या अंगाला, ज्यांचा या भरावाशी काही संबंध नाही त्यांच्या घरात. पुरातला खरा अन्याय मला इथे दिसतो. तो पंचनाम्यात कुठेच नोंदला जात नाही.

पुण्याच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून जो वाद चालला आहे तो याच गुणाकाराचा आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून 44 किलोमीटर लांबीचा हा प्रकल्प. पूरपातळी वाढणार नाही, असा महापालिकेचा दावा. काठाच्या बांधकामाने पात्राचा छेद कमी होतो आणि पाणी चढते, असे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंनी कोणता विसर्ग आणि कोणता छेद धरला आहे हे तपासल्याशिवाय यावर मत देऊ नये. तपासणे मात्र कोणाही सुशिक्षित नागरिकाला जमण्यासारखे आहे.

पात्राचे झाले. आता पात्रात येणारे पाणीच वाढते ते कसे? एक हेक्टर जमिनीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी भरते 10 लाख लिटर. ती जमीन शेताची असेल तर यातले बरेच मुरते, थांबते, बांधाआड साचते आणि उरलेले सावकाश ओढ्याला लागते. त्याच हेक्टरवर सिमेंटचे रस्ते, फरसबंदी आणि छपरे आली की बहुतेक सगळे पाणी वाहून जाते, आणि तेही तासाभरात. ओढ्याची रुंदी मात्र पूर्वीचीच, किंवा भिंती घालून कमी केलेली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा असाच फुगला. त्या एका रात्रीच्या पावसात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. पूररेषेची चर्चा मोठ्या नदीभोवती फिरते. जीव जातात ते पुष्कळदा ओढ्याकाठी.

हे सगळे कोणाच्या अखत्यारीत येते? पुराचे गणित जलसंपदा विभाग करतो. केंद्रीय जल आयोगाने पूरक्षेत्राच्या वापराविषयीच्या कायद्याचा नमुना 1975 साली राज्यांकडे पाठवला होता. मणिपूरने 1978 मध्ये आणि राजस्थानने 1990 मध्ये तसे कायदे केले. बहुतेक राज्यांनी केले नाहीत. महाराष्ट्रात पूररेषांचे काम शासकीय परिपत्रकांवर आणि बांधकाम नियमावलीवर चालते. रेषा विकास आराखड्यात उतरवणे, तिच्या आत परवानगी नाकारणे, भराव थांबवणे, ओढ्याची रुंदी राखणे ही कामे स्थानिक संस्थेची. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगररचना आणि जमिनीच्या वापराचे नियमन हे विषय नगरपालिकांच्या यादीत आहेत.

अडचण अशी की याच पालिकेचे उत्पन्न बांधकामावर अवलंबून असते. विकास शुल्क आणि मालमत्ता कर इमारतींतून येतो, मोकळ्या काठातून येत नाही. पूर आल्यावरची भरपाई मात्र राज्य सरकार देते. म्हणजे परवानगीचा फायदा एका खात्यात आणि तिचा खर्च दुसऱ्या खात्यात. नगरसेवकांना दोष देऊन मोकळे होण्यापूर्वी ही मांडणी ध्यानात घ्यावी.

आणि जुन्या गावाचे काय? 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर चिपळुणात वाशिष्ठीच्या पूररेषांवरून मोठा असंतोष झाला, कारण वसलेल्या शहराचा मोठा भाग रेषांच्या आत येत होता. पिढ्यानपिढ्यांची बाजारपेठ उचलून नेता येत नाही. तिथे निषिद्ध क्षेत्राचा नियम जसाच्या तसा लावला तर मोडकळीला आलेले घरही नव्याने उभारता येईना. म्हणून अधिकृत जुन्या घराचा पुनर्विकास उंच जोत्यावर करू देण्याची तरतूद नियमावलीत आहे. तळमजला रिकामा ठेवणे, वीजमीटर वरच्या मजल्यावर घेणे हे उपायही आहेतच. मोकळ्या जमिनीवर नवी वसाहत होऊ न देणे आणि जुन्या वस्तीला पुरासह जगण्याची सोय करून देणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सभांमध्ये ते एकत्र कालवले जातात आणि मग दोन्ही सुटत नाहीत.

आपल्याकडे गावाच्या वस्तीच्या जागेला ‘पांढर’ आणि शेतीला ‘काळी’ म्हणतात. नदीकाठच्या कित्येक गावांत पांढर उंचवट्यावर आणि काळी खाली, अशी रचना आढळते. खालची गाळाची जमीन पिकाला उत्तम आणि पावसाळ्यात चार दिवस बुडाली तरी घर शाबूत. आपल्या गावाची जुनी वस्ती आणि गेल्या तीस वर्षांत झालेली वाढ दोन रंगांत रंगवून पाहा. नवा रंग काळीत किती उतरला आहे ते दिसेल.

यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घ्यावा म्हटले तर एक अडचण येते. 1:50,000 प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा 20 मीटरच्या अंतराने असतात. पुराचा सगळा खेळ दोन-तीन मीटरचा. तो दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेतच होऊन जातो. म्हणून पातळ्या स्वतः घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी गवंड्याची पारदर्शक नळी पुरते.

पंधरा मीटर लांबीची नळी घ्या, आत बुडबुडा राहणार नाही अशी पाण्याने भरा. गेल्या मोठ्या पुराची खूण एखाद्या देवळाच्या किंवा घराच्या भिंतीवर असतेच. नसेल तर दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना स्वतंत्रपणे विचारून नक्की करा. एका मुलाने नळीचे एक टोक त्या खुणेशी धरायचे, दुसऱ्याने दुसरे टोक घेऊन पुढच्या भिंतीकडे जायचे. पहिल्या टोकातले पाणी खुणेला टेकले की दुसऱ्या टोकातले पाणी जिथे स्थिर होईल तिथे खडूने रेघ मारायची. मग त्या रेघेपासून पुढे. ज्या ठिकाणी रेघ जमिनीला टेकेल, तिथे त्या पुराची कड. नदी उतरत्या दिशेने वाहते, त्यामुळे पुराच्या पाण्याचा पृष्ठभागही तिच्या लांबीच्या दिशेने थोडा उतरता असतो. म्हणून एका खुणेवरून नदीच्या दिशेने शे-दोनशे मीटरपलीकडे जाऊ नये, पुढे नवी खूण शोधावी. काठापासून गावाकडे जाताना ही अडचण फारशी येत नाही.

रेघा मारून झाल्या की त्या गावाच्या नकाशावर उतरवा आणि नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मिळणाऱ्या अधिकृत पूररेषेशी ताडून पाहा. दोन्ही जुळल्या तर उत्तमच. मुलांची रेघ अधिकृत रेषेच्या बाहेर गेली, तर मोजमाप पुन्हा एकदा करा, आणि तरीही ती बाहेरच राहिली तर कारण शोधा : पूर रेषेच्या हिशेबापेक्षा मोठा होता, की पात्र मधल्या काळात अरुंद झाले? प्रारूप विकास आराखडा जाहीर झाल्यावर 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ठिकाण, तारीख आणि पातळी लिहिलेला असा नकाशा मुलांचे पालक तिथे जोडू शकतात.