भ्रमणध्वनीवरील ‘हॉटस्पॉट’ : कार्यपद्धती, उपयुक्तता आणि महाविद्यालयीन अध्ययनातील मर्यादा

सारांश : एका भ्रमणध्वनीवरील इंटरनेट जोडणी संगणक, टॅबलेट किंवा दुसऱ्या भ्रमणध्वनीला उपलब्ध करून देण्याच्या पद्धतीस सामान्य व्यवहारात ‘हॉटस्पॉट देणे’ असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तांत्रिक स्वरूप स्पष्ट करून तिचा खर्च, सुरक्षितता आणि उत्तरदायित्व यांचा विचार केला आहे. हॉटस्पॉटमुळे मिळणारी जोडणी ही घराची नसून व्यक्तीची असते. त्यामुळे विद्यार्थ्याकडे ‘इंटरनेट आहे’ असे नोंदविताना महाविद्यालयांनी कोणती दक्षता घ्यावी, याकडे लेखात लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : हॉटस्पॉट, टेदरिंग, मोबाइल डेटा, वाय-फाय, ऑनलाइन अध्यापन, अंकीय दरी.

प्रस्तावना

महाविद्यालयीन शिक्षणात इंटरनेटचा वापर आता ऐच्छिक राहिलेला नाही. प्रवेश-अर्ज, परीक्षा-अर्ज, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, अभ्यास-साहित्य आणि निकाल या सर्व बाबी इंटरनेटशी जोडल्या गेल्या आहेत. नागपूर शहराच्या दक्षिण भागातील सक्करदरा हा उमरेड मार्गावरील परिसर आहे. या भागातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण शहरातील दाट वस्ती आणि उमरेड, कुही, भिवापूर या तालुक्यांतील गावे अशा दोन भिन्न परिस्थितींतून विद्यार्थी एकाच वर्गात येतात.

मार्च २०२० मध्ये कोरोना महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन ऑनलाइन सुरू झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या परीक्षाही ऑनलाइन घेतल्या. या काळात घरातील एका भ्रमणध्वनीवर अनेकांचे शिक्षण अवलंबून राहिले. महामारी ओसरली, तरी हॉटस्पॉटवरील अवलंबित्व संपलेले नाही. म्हणून या साधनाचे स्वरूप प्राध्यापकवर्गाने नीट समजून घेणे आवश्यक आहे.

पूर्वपीठिका

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्या काळात दूरध्वनीच्या तारेवरून एक संगणक जोडला जाई. एकच जोडणी अनेकांनी वापरण्याचे ठिकाण म्हणजे सायबर कॅफे होते. पुढे १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाची जोडणी इतर संगणकांना देण्याची सोय आली. भ्रमणध्वनीच्या बाबतीत २०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीत, तर २०११ मध्ये आयफोनच्या ४.३ या प्रणालीत वाय-फाय हॉटस्पॉट समाविष्ट झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटाचे दर झपाट्याने उतरले आणि हॉटस्पॉट ही घरोघरची गोष्ट झाली.

कार्यपद्धती

हॉटस्पॉट सुरू केल्यावर भ्रमणध्वनी एकाच वेळी दोन कामे करतो. एका बाजूने तो मोबाइल मनोऱ्याशी जोडलेला असतो आणि दुसऱ्या बाजूने स्वतः एक लहान वाय-फाय केंद्र बनतो. म्हणजेच तो राउटरची भूमिका घेतो.

जोडल्या गेलेल्या प्रत्येक उपकरणास भ्रमणध्वनी एक अंतर्गत क्रमांक देतो. हा क्रमांक केवळ त्या छोट्या जाळ्यापुरता असतो. बाहेरच्या जगाशी व्यवहार मात्र भ्रमणध्वनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून होतो. वसतिगृहातील सर्व विद्यार्थ्यांची पत्रे एकाच पत्त्यावर यावीत आणि अधीक्षकाने ती खोलीनिहाय वाटावीत, तसाच हा प्रकार आहे. या पद्धतीस पत्ता-रूपांतरण म्हणतात. इंटरनेटच्या जुन्या क्रमांकपद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते शक्य असल्याने १९९४ पासून ही पद्धत पुढे आली. नव्या क्रमांकपद्धतीत उपकरणांना स्वतंत्र पत्ते मिळू शकतात. तथापि तेही त्याच सिमच्या जोडणीचा भाग असतात. या वैशिष्ट्याचा परिणाम उत्तरदायित्वावर कसा होतो, हे पुढे पाहू.

जोडणी देण्याचे तीन मार्ग आहेत. वाय-फायद्वारे एकाच वेळी अनेक उपकरणे जोडता येतात. परंतु बॅटरी लवकर उतरते. यूएसबी तारेने एकच संगणक जोडला जातो; मात्र जोडणी स्थिर राहते आणि संगणकावरून भ्रमणध्वनी चार्जही होत राहतो. ब्लूटूथने वीज कमी लागते, पण वेग इतका मर्यादित असतो की दृक्-श्राव्य तासिकेसाठी तो सहसा पुरत नाही.

वेग कमी मिळाल्यास दोष बहुधा वाय-फायला दिला जातो. प्रत्यक्षात अडचण अनेकदा मनोरा आणि भ्रमणध्वनी यांच्यामधील दुव्यात असते. म्हणून भ्रमणध्वनी संगणकाजवळ ठेवण्यापेक्षा जेथे नेटवर्क चांगले मिळते अशा खिडकीपाशी ठेवणे अधिक उपयुक्त ठरते. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान असली तरी भिंतीतून कमी जाते, २.४ गिगाहर्ट्झची पट्टी संथ असते, पण लांब पोहोचते आणि जुन्या संगणकांनाही चालते.

डेटाचे गणित

हॉटस्पॉट नवा डेटा निर्माण करीत नाही. असलेला वाटून देतो. दृक्-श्राव्य तासिकेसाठी सरासरी १ मेगाबिट प्रतिसेकंद एवढा प्रवाह गृहीत धरल्यास एका तासात ३६०० मेगाबिट, म्हणजे ४५० मेगाबाइट डेटा खर्च होतो. ४५ मिनिटांच्या पाच तासिकांसाठी हा खर्च सुमारे १.७ जीबी होतो. महामारीच्या काळात दररोज १.५ जीबी डेटा देणाऱ्या प्रीपेड योजना प्रचलित होत्या. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या एका दिवसाच्या तासिकाही त्यात बसत नव्हत्या. घरात शाळेत जाणारे भावंड असल्यास दोघांपैकी कोणाची तासिका बुडवायची, हा प्रश्न त्या घराला रोज सोडवावा लागे.

दैनिक मर्यादा संपल्यावर जोडणी पूर्णपणे बंद होत नाही, पण अनेक योजनांमध्ये वेग ६४ किलोबिट प्रतिसेकंद इतका खाली येतो. या वेगाने ३० मेगाबाइटची एक पीडीएफ उतरविण्यास एक तासाहून अधिक वेळ लागतो. ‘साहित्य ग्रुपवर टाकले आहे’ असे शिक्षकाने सांगितले तरी ते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचलेच असेल, असे यामुळे गृहीत धरता येत नाही.

याशिवाय संगणक जोडल्याबरोबर त्यातील प्रणालीची अद्ययावतीकरणे पार्श्वभूमीवर सुरू होतात आणि वापरणाऱ्याच्या नकळत डेटा संपतो. विंडोजमध्ये त्या जोडणीस ‘मीटर्ड’ असे चिन्हांकित केल्यास हा खर्च बराच आटोक्यात येतो.

जोडणी घराची की व्यक्तीची ?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (जुलै २०१७ ते जून २०१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. इंटरनेटची सोय असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के होते. त्यानंतर हे प्रमाण वाढले आहे. परंतु कुटुंबाकडे इंटरनेट असणे आणि त्या कुटुंबातील विद्यार्थिनीच्या हाती इंटरनेट असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तारेने आलेली ब्रॉडबँड जोडणी घरात राहते. हॉटस्पॉट ज्याच्या खिशात भ्रमणध्वनी असतो त्याच्याबरोबर घराबाहेर पडतो. वडील सकाळी कामावर गेले की घराचे इंटरनेटही गेले, आणि ते परत आल्यावर घराचे इंटरनेट परत आले, असा हा क्रम आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले. हा फरक लक्षात घेता मुलींच्या वाट्याला बहुधा दुसऱ्याच्या सोयीने मिळणारे इंटरनेट येते, असे अनुमान काढता येते. तासिकेची वेळ एक आणि हॉटस्पॉट मिळण्याची वेळ दुसरी असेल, तर उपस्थितीपटावरील गैरहजेरी ही अनास्थेची निदर्शक मानता येणार नाही.

सुरक्षितता आणि उत्तरदायित्व

जोडलेल्या सर्व उपकरणांचा बाहेरील व्यवहार एकाच सिमवरून होतो. त्यामुळे गैरप्रकार घडल्यास दूरसंचार कंपनीच्या नोंदींत नाव सिमधारकाचे येते. महाराष्ट्राला याचा गंभीर अनुभव २००८ मध्ये आला. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठविलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका रहिवाशाच्या असुरक्षित वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर ऑगस्टमधील ई-मेलसाठी मुंबईतील एका महाविद्यालयाची वाय-फाय जोडणी वापरली गेली होती. जोडणीच्या मालकांना याची कल्पनाही नव्हती. तरीही तपास प्रथम त्यांच्या दारी पोहोचला. यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्याविषयी सेवा-पुरवठादारांना निर्देश दिले.

ही उदाहरणे घर आणि संस्था यांच्या वाय-फायची असली तरी तत्त्व हॉटस्पॉटलाही लागू पडते. म्हणून हॉटस्पॉटला संकेतशब्द असावा, तो भ्रमणध्वनी क्रमांक किंवा ‘१२३४५६७८’ असा सहज ओळखता येणारा नसावा, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावा आणि काम संपताच हॉटस्पॉट बंद करावा. कोणकोणती उपकरणे जोडली आहेत, ही यादी भ्रमणध्वनीवरच पाहता येते. वर्गात एकदा सर्वांना सांगितलेला संकेतशब्द नंतर बदलणेही आवश्यक आहे.

महाविद्यालयीन स्तरावरील विचार

नॅक मूल्यांकनात पायाभूत सुविधा व अध्ययन-संसाधनांचा विचार होतो. महाविद्यालयाची जोडणी बंद पडल्यास प्राध्यापक स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून हॉटस्पॉट देऊन तासिका पूर्ण करतात. ही तत्परता प्रशंसनीय आहे. परंतु ती नित्याची झाली, तर संस्थेच्या सुविधेतील उणीव शिक्षकाच्या रिचार्जखाली झाकली जाते आणि ती दुरुस्त करण्याची निकड कोणालाच जाणवत नाही.

यासंदर्भात पुढील उपाय सुचविता येतील.

१. प्रवेशाच्या वेळी ‘इंटरनेट आहे काय ?’ या एकाच प्रश्नाऐवजी भ्रमणध्वनी स्वतःचा आहे की कुटुंबातील दुसऱ्याचा, तो कोणत्या वेळेत घरी असतो आणि तो किती जणांत वापरला जातो, अशी माहिती घ्यावी.

२. अभ्यास-साहित्य कमी आकाराच्या फाइलमध्ये द्यावे. केवळ ध्वनिमुद्रित व्याख्यान दृक्-श्राव्य व्याख्यानापेक्षा कितीतरी कमी डेटात पोहोचते.

३. ऑनलाइन तासिकेचे मुद्रण नंतर उतरवून घेता येईल अशी सोय असावी. तासिकेच्या वेळी हॉटस्पॉट न मिळालेल्या विद्यार्थ्यास त्यामुळे दुसरी संधी मिळते.

४. ग्रंथालय व संगणक कक्ष बसने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वेळा लक्षात घेऊन खुले ठेवावेत.

५. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिलेल्या पीएम-वाणी योजनेत दुकानांसारख्या ठिकाणांहून सार्वजनिक वाय-फाय देण्याची तरतूद आहे. परिसरात अशी सेवा उपलब्ध असल्यास तिची माहिती विद्यार्थ्यांना द्यावी.

निष्कर्ष

हॉटस्पॉट हे अल्पखर्चाचे आणि अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारे साधन आहे. महामारीच्या काळात अनेक विद्यार्थ्यांचे शिक्षण त्याच्या आधाराने टिकले, हे मान्यच करावे लागेल. तथापि त्यात डेटा, बॅटरी, वेळ आणि कायदेशीर उत्तरदायित्व हे सर्व एका व्यक्तीवर पडते आणि इतरांचे अध्ययन तिच्या उपस्थितीवर अवलंबून राहते. म्हणून हॉटस्पॉटला पर्यायी व्यवस्था मानावे, मूळ व्यवस्था मानू नये. दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद ‘इंटरनेट उपलब्ध’ या रकान्यात केल्यास कागदावरील दरी मिटते. प्रत्यक्षातील दरी तशीच राहते. ती भरून काढण्याची सुरुवात प्रवेश-अर्जातील प्रश्न बदलण्यापासून करता येईल.