उन्हाळ्याचा प्रवास आणि पायांतील वहाणा

प्रवासाला निघावयाचें ठरलें कीं आमच्या घरीं आठ दिवस आधींपासून याद्या होऊं लागतात. मेतकूट, लिंबाचें लोणचें, कापूर, औषधांची पेटी, यांतलें कांहीं म्हणून विसरत नाहीं. परंतु ज्यांच्या आधारावर सारी पायपीट व्हावयाची त्या चपला मात्र निघण्याच्या आदल्या दिवशीं घाईघाईनें विकत आणल्या जातात. नाहीं तर माळ्यावरची एखादी जुनी जोडी "प्रवासाला चालेल" म्हणून खालीं येते. ही उणीव केवळ आमच्याच घरची असेल असें मला वाटत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं वैशाखांत आम्ही दक्षिणेच्या यात्रेस गेलों. बरोबर माझे वडील होते; वय बहात्तर, मधुमेह वीस वर्षांचा. एका मोठ्या देवळाच्या फरसबंद प्रांगणांत भर दुपारीं आम्ही सर्वजण टांचा उचलीत सावली गांठण्यासाठीं धांवत होतों. अण्णा मात्र संथ पावलांनीं प्रदक्षिणा घालीत होते. त्यांच्या श्रद्धेचें आम्हांस कौतुक वाटलें. मुक्कामीं आल्यावर आईनें पाय धुवावयास पाणी दिलें, तेव्हां तिला दिसलें कीं दोन्ही तळव्यांना रुपयाएवढे फोड आले आहेत, आणि अण्णांना त्याची दादही नाहीं. आम्हीं जिला निष्ठा समजलों ती पायांची बधिरता होती. जखमा भरून येण्यास जवळजवळ तीन महिने लागले.

उन्हांत तापलेला दगड हवेपेक्षां पुष्कळच अधिक तापतो. हवा चाळीस अंशांवर असतां काळ्या फरशीचा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत जाऊं शकतो. आणि मॉरिट्झ व हेन्रिक्स या संशोधकांनीं १९४७ सालीं दाखवून दिलें कीं साठ अंशांच्या स्पर्शानें कातडी भाजण्यास अवघे पांच सेकंद पुरतात. निरोगी पाय त्याच्या आधींच मागें ओढला जातो. मधुमेहानें ज्याच्या नसा मंद झाल्या आहेत तो पाय ओढला जात नाहीं, इतकाच काय तो फरक.

म्हणून चपलांच्या निवडीचा विचार दोन प्रकारच्या पायांसाठीं वेगवेगळा करावा लागतो. ज्याचा पाय बोलता आहे त्यानें पायालाच विचारावें. मात्र विचारण्याची वेळ साधली पाहिजे. सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय एक नव्हे. उष्म्यानें रक्तवाहिन्या रुंदावतात, द्रव खालीं उतरतो, आणि दिवसभर गाडींत पाय लोंबते ठेवल्यावर पाऊल चांगलेंच सुजतें. सकाळीं दुकानांत नेमकी बसलेली चप्पल संध्याकाळीं देवळाच्या पायऱ्यांवर करकचून आवळते ती यामुळेंच. खरेदी संध्याकाळीं करावी. दोन्ही पायांत घालून, उभें राहून पाहावी. दोन पावलें सहसा सारखीं नसतात, तेव्हां मोठ्या पावलाचें माप धरावें. कित्येकांचें दुसरें बोट अंगठ्याहून लांब असतें. जें सर्वांत लांब त्याच्यापुढें अर्धा इंच मोकळा असावा.

तळ दोन्ही हातांनीं वांकवून पाहावा. तो बोटांच्या मुळाशीं वांकला तर चांगला. मधोमध दुमडला तर ती चप्पल घरांतल्या घरांतच शोभते. टांचेमागें पट्टा असलेला बरा. तो नसला म्हणजे चप्पल सुटूं नये म्हणून प्रत्येक पावलागणिक बोटें आवळावीं लागतात, आणि दोन मैलांनंतर पोटऱ्या कां दुखतात तें मनुष्याला कळत नाहीं.

माळ्यावरच्या जोडीविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हल्लींच्या पुष्कळ सँडलांचे तळ पॉलियुरेथेनचे असतात. हवेंतील ओलाव्यानें तो पदार्थ न वापरतांही आंतून कुजत जातो. चार-पांच वर्षे डब्यांत जपून ठेवलेली कोरी दिसणारी जोडी पहिल्याच दिवशीं रस्त्यावर भाकरीसारखी तुटते. आमच्या मामींनीं तशी एक जोडी रामेश्वरच्या स्थानकावर टाकून दिली.

आतां कोल्हापुरीविषयीं. तिच्यावर माझें प्रेम आहे, तेव्हां पक्षपात घडल्यास वाचकांनीं क्षमा करावी. बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें तें कातडें घाम शोषून घेतें, आणि महिन्याभरांत तळाला आपल्याच पावलाचा ठसा उमटतो. २०१९ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें, आणि तें महाराष्ट्र व कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांच्या कारागिरांना मिळालें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. परंतु नवी कोल्हापुरी चावते. तिला तेल लावून, पहिले कांहीं दिवस अर्धा अर्धा तास घरांत वापरून, मगच बाहेर काढावी. म्हणजे प्रवासाच्या निदान तीन आठवडे आधीं ती घरांत आली पाहिजे. शिवाय तिला भिजणें सोसत नाहीं. रामेश्वरास बावीस तीर्थांचें स्नान करून ओल्या पायांनीं परतणाराला ती उपयोगाची नाहीं.

बधिर पायाला मात्र ती मुळींच देऊं नये. अंगठ्याचा बंद घांसतो, आणि घांसलेलें कळत नाहीं. या पायाला "आरामशीर वाटते का?" हा प्रश्नच व्यर्थ आहे, सैल वाटते म्हणून तो अधिकाधिक घट्ट जोडी मागतो, कारण घट्टपणाच तेवढा त्याला जाणवतो. अण्णांचें असेंच झालें होतें. कुष्ठरोग्यांच्या पायांवर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत काम करतांना डॉ. पॉल ब्रँड यांनीं हें ओळखलें होतें कीं त्या जखमांचें मोठें कारण म्हणजे वेदनेचा अभाव. तेथें अशा पायांसाठीं सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचे तळ वापरांत आले. आज मधुमेह्यांना तीच 'एमसीआर' चप्पल देतात. आंतून मऊ, बाहेरून कडक तळ, टांचेमागें पट्टा, बोटांमध्यें कांहीं नाहीं, आंत खिळा नाहीं. माप पायाच्या सांगण्यावरून न घेतां, कागदावर उभें राहून पावलाची रेघ काढून घ्यावें. ज्यांना मधुमेह आहे त्यांनीं निघण्यापूर्वीं डॉक्टरांकडून नायलॉनच्या तंतूनें तळव्यांची संवेदना तपासून घ्यावी. दोन मिनिटांचें काम आहे.

चपला बाहेर ठेवाव्याच लागतात तेथें काय करावें? दर्शन सूर्योदयाच्या सुमारास घ्यावें, आणि जाड सुती मोजे जवळ ठेवावे. अण्णांना प्रथम संकोच वाटला. पुजाऱ्यांना विचारलें, तर त्यांनीं तत्काळ होकार दिला. बाहेर ठेवलेली जोडी उन्हांत राहिली तर तीही तव्यासारखी तापते, हें ध्यानांत ठेवून ती सावलींत ठेवावी.

गेल्या चैत्रांत आम्ही हंपीस गेलों. पहांटे निघालों, नदीकांठानें विठ्ठलमंदिरापर्यंत चाललों, आणि उन्हें चढण्यापूर्वीं परतलों. अण्णांच्या पायांत नवी जोडी होती. आतां आईचा नेम असा कीं संध्याकाळीं दिव्याजवळ बसून त्यांचे तळवे पाहावयाचे आणि सकाळीं चप्पल पायांत घालण्यापूर्वीं आंत हात फिरवावयाचा. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिचा हात मध्येंच थांबला. बाभळीचा एक काटा तळांतून शिरून आंतल्या बाजूस तांदळाच्या कणीएवढा वर आला होता. अण्णांनीं विचारलें, "काय झालें?" आईनें चिमट्यानें तो काढला, उंबऱ्याबाहेर टाकला आणि चप्पल त्यांच्या पुढें ठेवली.